दहा नंबरची सुई

शांतवन घोलप मास्तरांची छडी म्हणजे
राहेलबाईंची विणायची सुई, दहा नंबरची,
टोक घासून बोथट केलेली,
मुठीला सायकलच्या व्हॉल्व्हची नळी.
जोडीतली दुसरी घरी, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर,
अर्ध्या स्वेटरात अडकून पडलेली.
'सिनेमा संपला की सुई द्या,' बाई म्हणायच्या.
एक संपायचा, दुसरा लागायचा.

मी ट्रँगलवाला.
अठ्ठावीस माणसांतला अठ्ठाविसावा.
माझ्या कागदावर बहुतेक कागदच.
चौसष्ट मात्रा गप्प, मग एक टिंग.
पहिल्या दिवशी मी ती त्रेसष्टाव्यालाच वाजवली.
मास्तर थांबले. सगळे थांबले.
'लेका, वाजवणं कुणालाबी जमतंय,
पगार तुला गप्प बसायचा आहे.
तो नीट मोजून घे.'

दुपारी तीनला शाहू मिलचा भोंगा व्हायचा
आणि हमखास एक टेक वाया जायचा.
रेकॉर्डिस्ट शिव्या द्यायचा, मास्तर कान द्यायचे.
'गांधार आहे. जरासा चढा.'
एकदा त्यांनी तो कागदावर लिहूनच काढला.
व्हायोलिनं पायरी पायरीनं वर नेली,
डोळा भिंतीवरच्या घड्याळावर,
आणि ठोक्याला छडी अशी दिली
की सबंध मिल आमच्यात येऊन वाजली.
प्रोड्युसर धावत आत:
'हा नवा ब्रासवाला कोण? ह्याचे किती द्यायचे?'

हलगी मात्र कागदावर बसेना.
कुस्तीचा प्रसंग होता, बाळू आवळे आला होता,
त्याला कागद वाचता येत नव्हता
आणि कागदाला तो.
मास्तरांनी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
मग छडी स्टँडवर आडवी ठेवली
आणि बाळूच्या मनगटाकडं बघत राहिले,
आम्ही मास्तरांकडं.
त्या दिवशीचं पहिल्याच टेकला ओके झालं.
बाहेर पायरीवर मास्तरांनी बाळूला बिडी पेटवून दिली.
काय बोलले, ते ऐकू आलं नाही.

पडद्यावर नाव यायचं ते शेवटून दुसऱ्या पाटीवर,
'वाद्यवृंद संयोजन: श. घोलप.'
पेंटरनं शांचा काना आणि टिंब खाल्लेलं.
नऊ सिनेमे तसंच चाललं.
दहाव्याला त्यांनी स्वतःच तसं लिहून दिलं.

पुढं त्या फ्लोअरवर सरकी पेंडीची पोती लागली.
आम्ही गणपतीत मंडपामंडपात,
चौदा जण, मग नऊ,
मग एक पोरगा कीबोर्ड घेऊन आला
आणि एका बटणात बारा व्हायोलिनं वाजवून दाखवली.
पोरगं चांगलं होतं. मास्तरांच्या पाया पडलं.
मास्तर म्हणाले, 'पुन्हा लाव.' पुन्हा ऐकलं.
'सगळी एकदम उठतात रे ही.
एखादं तरी जरा मागनं यायला पाहिजे.'
पोरानं बटणं चाचपून बघितली.
तसलं बटण नव्हतं.

ते गेले त्या थंडीत
राहेलबाईंनी व्हॉल्व्हची नळी ओढून काढली
आणि स्वेटर पुरा केला.
बत्तीस वर्षांत लोकर विटलेली,
छातीपर्यंत जुना निळा, वर बाजारातला निळा.
सुई हवेत फिरून फिरून वाकलेली,
म्हणून एक ओळ घट्ट, एक सैल,
एक घट्ट, एक सैल, गळ्यापर्यंत.
'त्यांना आता बसला नसताच,' म्हणाल्या,
'तू बारीक आहेस.'

तो घालून मी रात्री गंगावेशीत दुधाला जातो.
कट्ट्यावर म्हशी उभ्या, गिऱ्हाइकं उभी,
पुढच्याची धार चालू असते.
रिकामा पेला हातात धरून मी उगीच मोजत बसतो,
साठ, एकसष्ट, बासष्ट,
एवढ्यात गवळ्याचं माप चरवीच्या काठावर आपटतं.
टिंग.
मी मान वर करून बघतो.
एक मात्रा अजून बाकी होती.